वॉर्डातून सकाळी उचललेल्या वस्तू

एकदा एक शिष्या आपल्या वृद्ध गुरूंसोबत एका रुग्णालयाचे माप घ्यायला गेली. माप इमारतीचे नव्हते. परिचारिका जिथे उभ्या राहून दिवसभर राबतात, त्या जागेचे होते. लिहिण्याचा कट्टा किती उंच, औषधांचे कपाट किती वर, कंबर किती वाकते, मान किती वळते, हे सारे पारखून जागा कामाला योग्य की अयोग्य ते सांगायचे, ही गुरुजींची विद्या. शिष्या दोन वर्षे त्यांच्याजवळ शिकत होती आणि आता आपल्याला सगळे कळते असे तिला वाटू लागले होते. शिकणाऱ्याच्या आयुष्यात असे दिवस येतातच, तुमच्याआमच्याही आले असतील.

रुग्णालय एका शेठजींनी बांधलेले. माणूस दानशूर, पण आपल्या दानाकडे कुणी बोट दाखवलेले त्यांना खपत नसे. पुरुषांच्या वॉर्डातला काळ्या ग्रॅनाइटचा कट्टा त्यांनी स्वतः पसंत करून बसवून घेतला होता. त्याच वॉर्डात सुवार्ता सिस्टर पंधरा वर्षे काम करीत होत्या. गेल्या वर्षभरात कंबरेने त्यांना तीनदा अंथरुणाला खिळवले होते. आता दोष जागेत आहे की बाईंच्या अंगात, एवढेच शेठजींना लेखी हवे होते. जागा योग्य ठरली, तर त्याच संध्याकाळच्या समितीत सिस्टरांच्या नावापुढे ‘कामास अपात्र’ असा शेरा पडणार होता. घरात मिळवत्या त्या एकट्याच.

शिष्येने टेप काढली आणि ती कामाला लागली. वॉर्ड कसा लख्ख होता म्हणता! फरशी चकचकीत, कट्ट्यावर एक कागद इकडचा तिकडे नाही. कट्ट्याची उंची पुस्तकातल्या मर्यादेत बसली. अगदी वरच्या टोकाला, पण बसली. कपाटाचा वरचा खणही तसाच बसला. तिने प्रत्येक आकडा दोनदा तपासला आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘जागा योग्य.’

आणि गुरुजी? त्यांनी आल्यापासून कशालाच हात लावला नव्हता. ते कट्ट्याच्या कडेला सरळ फरशीवर मांडी घालून बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सिस्टरांच्या पायांकडे टक लावून पाहत होते. पाच-दहा मिनिटे नव्हे, चांगला तासभर! एका रुग्णाच्या भावाने तर त्यांना सांगितले, “आजोबा, नंबर तिकडे लागतो, इथे बसून काही उपयोग नाही.” दाराशी उभे असलेले शेठजी मिशीतल्या मिशीत हसले. शिष्येला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तिने जवळ जाऊन हळूच म्हटले, “गुरुजी, उठा ना. काम झालंय.”

गुरुजी उठले ते थेट सुवार्ता सिस्टरांपाशी गेले. त्या कट्ट्यापाशी एका रुग्णाच्या कागदावर काही लिहीत होत्या.

“सिस्टर, तुमच्या पायाखालचं काय काढलंत?”

सिस्टरांचा हात थांबला. “काही नाही, बाबा.”

“लिहायला लागलात की तुमचा उजवा पाय उचलला जातो. हवेत काहीतरी शोधतो, सापडत नाही म्हणून खाली येतो. कपाटापाशी गेलात की हात आधी दाराच्या मागे जातो आणि रिकामा परत येतो. तुमचंच नाही, त्या दुसऱ्या दोघी सिस्टरांचंही तेच. तिथे काय असतं?”

सिस्टरांनी शेठजींकडे पाहिले. मग बाईंचा चेहराच बदलला. डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हते, चक्क राग होता. त्या तरातरा मळक्या कपड्यांच्या खोलीत गेल्या आणि दोन्ही हात भरून सामान घेऊन आल्या. एकेक वस्तू त्यांनी त्या ग्रॅनाइटवर आदळली.

“ही वीट. बँडेज गुंडाळलंय, फरशीला चरे पडू नयेत म्हणून. एक पाय हिच्यावर ठेवला की कंबर जरा सुटते. हा तारेचा आकडा. वरचा खोका याच्याशिवाय हाताला येत नाही. ही सलाइनची पेटी, पालथी घालून उभं राहायची, आम्ही काही कुणी सहा फुटी नाही आहोत! तिन्ही पाळ्यांच्या मुली हेच वापरतात. आज पाहुणे येणार म्हणून सकाळी सगळं उचलायला लावलं. वॉर्ड गबाळा दिसतो म्हणून मागे मला मेमोसुद्धा मिळालाय.”

“हे भंगार खाली घ्या आधी!” शेठजी कडाडले.

“राहू द्या,” गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण कुणी काही हलवले नाही. मग ते शिष्येकडे वळले.

“पोरी, तुझ्या मापांत सुताचीही चूक नाही. पण तू जी जागा मोजलीस, ती आज सकाळी तयार झाली. या बायका पंधरा वर्षं ज्या जागेत राबल्या, ती त्या खोलीत कोंडून ठेवली होती. जागा जिथे माणसाला अपुरी पडते, तिथे तो वीट लावतो, तार वाकवतो आणि दिवस काढतो. म्हणजे तुझ्याआधी यांनी हा वॉर्ड अंगाने मोजलेला आहे. वीट उचलता येते, पायाला तिची लागलेली सवय कुणाला उचलता येत नाही. आपण कुठेही गेलो की टेप काढायच्या आधी विचारावं, आज काय काय लपवलंत?”

“तत्त्वज्ञान पुरे, गुरुजी,” शेठजी म्हणाले. “तुमच्या मुलीने ‘योग्य’ लिहिलंय, मी वाचलंय. तो कागद माझ्याकडे द्या.”

शिष्येने गुरुजींकडे पाहिले. गुरुजींनी मान दुसरीकडे वळवली. मापे तिची होती, सहीही तिचीच व्हायची होती.

तिला भीती वाटली. फार भीती वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही. शेठजींचा शब्द जिल्ह्यातल्या चार रुग्णालयांत चालत असे. पण त्या भीतीहून मोठा तिला स्वतःचा राग आला. एका सुवाच्य ओळीने आपण एका बाईचे पंधरा वर्षांचे कष्ट तिच्याच अंगावर ढकलून मोकळे होणार होतो! तिने ‘योग्य’ खोडले. वर ‘अयोग्य’ लिहिले. कट्ट्यावरच्या वस्तू एकेक करून नोंदल्या, प्रत्येकीपुढे ती का लागते ते लिहिले आणि खाली सही केली.

“शेठजी, अपात्र तुमचा कट्टा आहे. सिस्टर नाहीत.”

“यापुढे तुला कुठे काम मिळतं तेच बघतो.”

“जरूर बघा,” ती म्हणाली. तिने कागद सुवार्ता सिस्टरांपुढे सरकवला. “ताई, खरी मोजणी तुमची आहे. तुमचीही सही हवी.”

“सिस्टर,” शेठजी दातओठ खात म्हणाले, “संध्याकाळी समिती आहे. नीट विचार करा.”

सिस्टरांनी पेन घेतले, संपूर्ण नाव लिहिले आणि कागद स्वतःच्या हाताने शेठजींना दिला.

“केला विचार, साहेब. मला काढायचंच असेल, तर या सहीसाठी काढा आणि तसं लिहून द्या. माझ्या कंबरेचं नाव सांगायचं नाही.”

शेठजी तो कागद घेऊन संध्याकाळी समितीत गेले. तसे लिहून द्यायला त्या दिवशी त्यांची लेखणी उठली नाही, आणि समितीतल्या दुसऱ्या कुणाचीही उठली नाही. सिस्टरांच्या नावापुढे शेरा पडला नाही.

तुमच्या हाताखाली माणसे राबत असतील आणि तुमची जागा फार नीटनेटकी दिसत असेल, तर तुम्ही येण्याआधी त्यांनी काय उचलून ठेवले, ते एकदा जाऊन विचारा.