दहावा दात

चाळीस दातांची जकात कशी वसूल करायची, असा पेच वरवंडी बंदरात यापूर्वी कधी पडलाच नव्हता.

बंदराचा नियम सोपा होता. परदेशी गलबतांना जे विकाल त्याचा दहावा हिस्सा राजाचा, आणि तोही नाण्यांत नाही, मालातच. दहावं पोतं, दहावा नारळ, सुंभाची दहावी गुंडाळी. राजा उदेभानला मालाचे ढीग बघायला फार आवडे. पण अलीकडे गलबतं दुपटीने येऊ लागली तरी कोठार काही भरेना! मस्कतची माणसं नारळ घेत थोडे, पण इथल्या कारागिरांकडून शिडं शिवून घेत, खडकांतली वाट दाखवायला इथले तांडेल नेत, बोलणी करायला इथले दुभाषे नेत. आणि निम्मे खलाशी तर गाल धरून थेट भिवराच्या दारात येत. भिवरा दात काढायची. तिचा हात इतका हलका, की दात निघाला तरी माणूस विचारी, "कधी काढणार?"

राजा तसा वाईट नव्हता. पण गेले आठ दिवस तो सगळ्यांवर खेकसत होता आणि पंगत सोडून नुसती पेज पीत होता. जकातदार गिरमाजीपंतांनी नेमक्या अशा वेळी कागाळी केली, की यंदा भिवराने चाळीस परदेशी दात काढले आणि जकात दिली शून्य. राजाने तिचा चिमटा जप्त केला आणि तिला दरबारात उभं केलं.

मस्कतच्या एका व्यापाऱ्याने बायकोच्या दाढांसाठी तिला मोठ्या मानाने बोलावलं होतं. गलबत उद्या सकाळीच सुटणार होतं, आणि चिमट्यावाचून तिथे जाऊन ती करणार काय?

तिने नाणी देऊ केली. राजाने मान हलवली. मग तिने कनवटीची पुरचुंडी सोडली आणि काढलेले चार दात पुढे धरले. पंतांनी नाकाला उपरणं लावलं.

"हा माल खलाशांचा, त्यांनीच आणलेला," राजा गुरगुरला. "तू त्यांना जे दिलंस, त्याचा दहावा हिस्सा मला हवा. गलबत सुटायच्या आत आण, नाहीतर चिमटा कायमचा कोठारात."

"त्यांना दिलं तेच हवं ना, महाराज? आणि तसंच?"

"तेच आणि तसंच. राजाचा शब्द आहे."

सकाळी भिवरा आली ती पाट, मीठपाण्याचा तांब्या, लवंगेचं तेल आणि कापूस घेऊन. तिने पाट सिंहासनासमोर मांडला आणि ती म्हणाली, चिमटा तेवढा द्या, लगेच जकात भरते. पंतांनी चिमटा दिला आणि माल कुठे आहे म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

"चाळीस जणांचा एकेक दात काढून दिला," भिवरा म्हणाली. "दहाव्या हिश्शाने महाराजांचे चार निघतात. बसा महाराज, आ करा. पुढचे काढू की दाढा? माल निवडायचा हक्क राजाचा."

महाराजांना त्रास कशाला, असं काहीतरी पंत पुटपुटले.

"मग पंतांचे काढते. चालेल?"

पंतांनी तोंड मिटलं ते मिटलंच. राजाला मात्र हसू आवरेना. तो खदखदून हसला आणि मध्येच कळवळून त्याने डावा गाल धरला.

"कालच पाहिलं मी," भिवरा हळूच म्हणाली. "डावीकडची दाढ आहे. पेजेवर किती दिवस काढणार, महाराज?"

राजा मुकाट्याने पाटावर बसला. डोळे घट्ट मिटून त्याने आ केला. थोड्या वेळाने डोळे न उघडताच विचारलं, "कधी काढणार?"

भिवराने दाढ त्याच्या तळहातावर ठेवली. "एक भरला, महाराज. तीन राहिले."

"ते तीन माफ!" तोंडात कापसाचा बोळा घेऊन राजा असा हसला की मुकुट घसरला. त्याने हातातलं सोन्याचं कडं तिच्या हातात घातलं आणि पंतांना हुकूम केला, "लिहून घ्या. जे पोत्यात भरता येत नाही, त्यावर आजपासून जकात नाही. आणि हिला माझ्या होडीतून गलबतावर पोचवा. वल्ही तुम्हीच मारा!"