टिटवीचा भक्कम अर्ज

नदी जिथे डोंगर उतरून दमते आणि पसरट होऊन मोठ्या तळ्याला मिळते, तिथल्या काठच्या माळावर एक तरुण टिटवी आपल्या आईबरोबर राहत असे. मुलांनो, टिटवी तुम्ही पाहिली नसली तरी ऐकली नक्की असेल. पाय लांब आणि पिवळे, चाल ऐटबाज, आणि आवाज असा की गाढ झोपलेल्यानेही दचकून उठावे. तिला फांदीवर बसता येत नाही, कारण फांदी पकडायला लागते तसे मागचे बोट तिच्या पायाला धड नसते. सगळा संसार जमिनीवर. आपल्या टिटवीचे मन मात्र तळ्यातल्या बेटावर लागले होते.

त्या बेटावर एक शाळा होती आणि एक फार म्हातारे कासव ती चालवत असे. शाळेची रीत निराळी होती. नुसते विणायला शिकायचे असेल तर सुगरण पक्ष्याकडे जावे, नुसते नाचायला शिकायचे असेल तर मोराकडे. बेटावर मात्र चांदण्यांपासून झाडांच्या मुळांपर्यंत आणि गाण्यापासून भांडण मिटवण्यापर्यंत सगळेच शिकवत, आणि एकाचा धागा दुसऱ्याला कसा जोडायचा तेही शिकवत. दरवर्षी फक्त नऊ जणांना प्रवेश मिळे. अर्ज शेकड्यांनी येत. अर्ज म्हणजे पळसाचे एक पान. त्यावर चोचीने किंवा नखाने स्वतःविषयी लिहायचे आणि ज्यांच्याकडे काही शिकलो त्यांची एकेक खूण देठाला बांधायची. मोराकडे शिकला त्याने पीस बांधावे, सुतार पक्ष्याकडे शिकला त्याने लाकडाची ढलपी.

टिटवीला तिथे जायचे होते त्याला कारण होते. नदीकाठच्या उताराला मातीच्या पायऱ्या पडल्या होत्या. आदल्या वर्षी तिच्या आईने त्यांतल्या वरच्या पायरीवर चार अंडी घातली होती. पाऊस मोठा येणार असेल तर टिटव्या अंडी उंचावर घालतात, आणि माणसेसुद्धा टिटवीची अंडी कुठे आहेत ते पाहून पावसाचा अंदाज बांधतात. पण त्या वर्षी पाणी वरच्या पायरीच्याही वर चढले आणि चारही अंडी घेऊन गेले. आई दोन दिवस त्याच जागेभोवती घिरट्या घालत ओरडत राहिली. तेव्हापासून टिटवी रोज सकाळी नदीवर जाई, पाणी कुठवर आले ते वाळूत पायाने रेघ मारून बघे, मुंग्यांच्या रांगा तपासे, खेकड्यांची बिळे मोजे आणि भेटेल त्याला विचारी, "तुला आधी कळलं होतं का? मग माझ्या आईलाच कसं कळलं नाही?" बेटावर कोणीतरी हे नक्की सांगेल, असे तिला वाटे.

पण देठाला बांधायला तिच्याकडे एकही खूण नव्हती. म्हणून ती कोल्ह्याकडे गेली. करवंदीच्या जाळीपाशी राहणारा हा कोल्हा प्रवेशाच्या बाबतीत सल्ला देण्यात पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. मोबदला म्हणून तो काही घेत नसे. सगळ्यांनी 'काका, काका' करत पुढेमागे फिरावे, एवढ्यावर स्वारी खूश असे.

"खुणा किती आहेत?" कोल्ह्याने पहिलाच प्रश्न केला.

"एकही नाही, काका."

"अरे देवा! मग वर्षभर करत काय होतीस?"

टिटवीने नदीचे सांगितले, खेकड्यांचे सांगितले, आईच्या अंड्यांचेही सांगितले. कोल्ह्याने डोळे मिटून मान हलवली.

"हे बघ पोरी, राग मानू नकोस. चिखलात उभं राहून खेकडे मोजले, हे कोणी अर्जात लिहितं का? आणि अंडी वाहून गेल्याचं तर अवाक्षर काढू नकोस. तिथे रडगाणं चालत नाही. माझं ऐक. दोन महिने हातात आहेत. कोकिळाकडे जा, मोराकडे जा, सुगरण पक्ष्याकडे जा, मिळेल ती खूण घे. अर्ज कसा भक्कम दिसला पाहिजे! पानावर काय लिहायचं ते मी सांगतो."

आणि त्याने सांगितले, "लिही. बालपणापासूनच मला सर्व विद्यांची नितांत ओढ होती." टिटवीला नितांत म्हणजे काय ते नीट ठाऊक नव्हते, पण ऐकायला भारदस्त वाटले. तिने चोचीने जपून कोरले.

मग काय विचारता! टिटवीच्या पायाला भिंगरी लागली. पहाटे कोकिळाच्या आमराईत. कोकीळ वर फांदीवर, ही खाली मुळाशी उभी, आणि हिने "टिटिव" केले की कोकिळाचा सूर जागच्या जागी मोडे. चौथ्या दिवशी त्यानेच कळवळून आंब्याची डहाळी खाली टाकली आणि म्हणाला, "घे बाई तुझी खूण, उद्या नाही आलीस तरी चालेल." सुगरण पक्ष्याकडे विणायचे होते झुलत्या फांदीवर बसून. बसायचीच पंचाईत. तिने जमिनीवरच तीन गाठी मारल्या, दोन सुटल्या, आणि एका गाठीबद्दल तिला गवताची काडी मिळाली. मोराच्या अंगणात ती उंच पायांवर दोन गिरक्या घेऊन आपटली. मोराने हसू दाबून एक लहानसे पीस दिले. सुतार पक्ष्याकडून ढलपी आली, मधमाश्यांकडून मेणाची गोळी. देठ जड होऊ लागला. संध्याकाळी पाय दुखत, पण ती खुणा पुन्हा पुन्हा मोजून बघे.

नदीकडे जाणे आपोआपच सुटले.

एके सकाळी आई म्हणाली, "अगं, अंडी घालायचे दिवस जवळ आले. तू एवढी नदी बघत होतीस, तर यंदा कुठल्या पायरीवर घालू ते सांग ना."

"आई, आत्ता नको गं. बेडकाकडे जायचंय. त्याचा ताल शिकले की सहा खुणा पुऱ्या होतात."

आई म्हणाली, "एक ना धड, भाराभर चिंध्या चालल्यात तुझ्या. जा, उशीर होईल." आईच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते टिटवीला दिवसभर बोचत राहिले. तरी ती गेली. एकदा मनाने धाव घेतली की आईचे शब्द कानात राहतात, पण पायापर्यंत पोचत नाहीत. तुमचेही कधी असे झाले असेल.

अखेर मुलाखतीचा दिवस आला. टिटवी सहा खुणा सांभाळत उडत बेटावर पोचली. उंबराखाली कासव बसले होते आणि त्याच्यापुढे पानांचा ढीग होता. त्याने तिचे पान घेतले, डोळ्यांजवळ नेले आणि वाचले, "बालपणापासूनच मला सर्व विद्यांची नितांत ओढ होती." मग ते पान हळूच खाली ठेवत कासव म्हणाले, "बाळ, हे वाक्य यंदा मी चाळीस पानांवर वाचलं. सशाला नितांत ओढ, सरड्याला नितांत ओढ, आणि काल एक गोगलगाय आली, तिलाही."

टिटवीची मान खाली गेली.

"बरं, ही डहाळी. कोकिळाकडे काय शिकलीस?"

"गाणं, आजोबा."

"कुठलं आवडलं?"

तिला एकही आठवेना. कासवाने काडीविषयी विचारले, पिसाविषयी विचारले, ढलपीविषयी विचारले. प्रत्येक खुणेपाशी टिटवी एकदोन शब्द बोले आणि थांबे. बेडकापर्यंत पोचता पोचता तिचा आवाजच बसला. टिटवीचा आवाज बसणे म्हणजे काय, ते टिटवीलाच ठाऊक! दोन महिन्यांची सगळी मेहनत मुसळासारखी केरात गेली, हे तिला स्वच्छ दिसत होते आणि रडू आवरत नव्हते.

कासवाने घाई केली नाही. ती सावरल्यावर त्याने विचारले, "या खुणा गोळा करायच्या आधी सकाळच्या वेळी काय करायचीस?"

"काही नाही. नदीवर उभी राहायचे."

"नुसती उभी?"

"खेकड्यांची बिळं मोजायचे," ती पुटपुटली. आणि एकदा बिळांचे नाव निघाल्यावर तिला थांबता येईना. आईची अंडी वाहून गेली ते तिने सांगितले. त्या वर्षी खेकड्यांनी बिळे पुराच्या रेषेच्याही वर केली होती आणि मुंग्यांनी मात्र वारूळ खालीच ठेवले होते, तेही सांगितले. "माणसं आमची अंडी बघून पाऊस ओळखतात, आजोबा. पण आम्हाला तो कुठून कळतो, हे कोणी विचारतच नाही. आई म्हणते, पोटातून कळतं. मग त्या वर्षी पोट का चुकलं? आणि खेकड्याचं का नाही चुकलं?"

उंबराची सावली हातभर सरकली तरी ती बोलतच होती. कासवाने मान कवचातून पुरती बाहेर काढली होती.

"खेकडे दरवर्षी तेवढ्याच उंचीवर बिळं करतात का?" त्याने विचारले.

टिटवी दचकली. "ते मला सांगता येणार नाही. एकाच वर्षाचं पाहिलंय."

"आणि यंदाचं?"

"यंदा पाहत होते. दोन महिन्यांपूर्वी सोडून दिलं."

"का गं?"

टिटवीने देठाला लटकणाऱ्या सहा खुणांकडे पाहिले. "अर्ज भक्कम करायचा होता," ती म्हणाली.

कासव हसले नाही. त्याने पान तिच्याकडे परत सरकवले. "हे घेऊन जा. यादी लावायला अजून आठ दिवस आहेत. नदीवर जा, आणि जे बघशील ते नव्या पानावर लिहून आण. जे कळलं नाही तेही लिही. शब्द तुझेच असू देत. मग प्रवेशाचं बघू. आत्ताच हो म्हणत नाही."

टिटवी बेटावरून जी निघाली ती थेट नदीवर उतरली. आईही मागोमाग आली. काही विचारले नाही, शेजारी उभी राहिली. आठ सकाळी दोघींनी मिळून बिळे मोजली, रेघा मारल्या. पण उत्तर काही हाती येईना. खेकड्यांची बिळे यंदा खाली होती, आणि मुंग्या अंडी तोंडात धरून वर निघाल्या होत्या. दोघांचे एकमेकांशी जुळेना. "आई, मला खरंच नक्की सांगता येत नाही गं," टिटवी म्हणाली.

"नक्की कोणाला सांगता येतं? तू बघितलंस एवढं मला पुरे. मधल्या पायरीवर घालते," आई म्हणाली, आणि तिथेच खळगा उकरू लागली.

टिटवीने नव्या पानावर जसे होते तसे लिहिले. वाक्ये आखूड होती. शेवटची ओळ होती, 'यंदा खेकडे आणि मुंग्या यांचे जमत नाही. कोणाचे ऐकावे ते मला कळत नाही.' देठाला काहीच बांधले नाही, आणि आठव्या दिवशी दुपारी पान बेटावर नेऊन दिले. त्याच संध्याकाळी उंबराखाली नऊ नावे लागली आणि त्यांत टिटवीचे नाव होते. आईच्या यंदाच्या चार अंड्यांचे काय झाले, असे तुम्ही विचाराल, म्हणून सांगून टाकतो. पुढे चारही पिल्ले मधल्या पायरीवरून आपल्या पायांनी चालत उतरली. ते शहाणपण होते की नशीब, ते टिटवी अजून शोधते आहे.

प्रवेशाची बातमी घेऊन ती आधी कोल्ह्याकडे गेली. कोल्हा लगबगीने उठला. "मला ठाऊकच होतं! कुठल्या खुणेनं काम केलं? मोराच्या ना?"

टिटवीने घडले ते सगळे सांगितले. ऐकता ऐकता कोल्ह्याचे कान खाली आले. जाळीकडे तोंड फिरवून तो म्हणाला, "माझ्या अर्जाला अकरा खुणा होत्या. दोनदा केला. दोन्ही वेळा पान परत आलं. वाटलं, खुणाच कमी पडल्या असतील. म्हणून तुम्हा सगळ्यांना सांगत राहिलो."

टिटवीला त्याच्यावर रागवावेसे वाटत होते, पण रागवता येईना. तिने विचारले, "काका, असं काय आहे जे तुम्हाला कळत नाही, आणि तरी डोक्यातून जात नाही?"

"मला?" कोल्हा ओशाळला. आपल्याला काय कळत नाही, असे त्याला आजवर कोणी विचारलेच नव्हते. "हसशील तू. सांज झाली की डोंगरापलीकडे एक कोल्हा ओरडतो. लगेच आम्ही सगळे ओरडतो. मी ठरवून गप्प बसतो गं, दात आवळून बसतो. तरी तोंडातून आवाज निघतोच. मला ओरडायचं नसताना माझ्या आतून ओरडतं कोण, हे मला लहानपणापासून कळलेलं नाही."

टिटवी हसली नाही. ती जवळच्या पळसाखाली गेली, एक ताजे, रुंद पान निवडले आणि त्याच्यापुढे आणून ठेवले.

"आता या वयात?" कोल्हा म्हणाला.

"कासवआजोबांपेक्षा तरुण आहात," टिटवी म्हणाली.

कोल्ह्याने नख उचलले. सवयीने 'बालपणापासूनच' एवढे लिहिले, थांबला, ते खोडले, आणि मान वाकडी करून पुन्हा लिहू लागला.

तात्पर्य : दुसऱ्यांच्या खुणा लटकवून आपली ओळख पटत नाही; जो प्रश्न आपल्याला स्वस्थ बसू देत नाही, तो प्रामाणिकपणे मांडावा, तीच आपली खरी शिफारस.