ठमाईचं दुपदरी फडकं

आमच्या बारवेत पायऱ्या उतरून पाणी भरायचे, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली म्हणाल, तर माझ्या पणजीलासुद्धा ती ऐकूनच माहीत होती.

त्या काळी गावात नारू होता. दर उन्हाळ्यात माणसांच्या पायाला फोड यायचा आणि फोडातून दोऱ्यासारखा हातभर जंत बाहेर पडायचा. ऐन पेरणीच्या तोंडावर अर्धं गाव अंथरुणाला खिळायचं. बारवेतली देवी कोपली, असं सगळे धरून चालले होते. म्हणून तिची क्षमा मागायला लोक दुखरा पाय बारवेच्या पाण्यात बुडवून बसत. गार पाण्याने ठणका थांबायचा, मग देवी थोडी निवली असं वाटायचं. तेच पाणी घागरीत भरून घरी जायचं. अखेर एका उन्हाळ्यात इतकी माणसं पडली की गाव उठवायचं ठरलं. गाड्यांवर सामान चढू लागलं.

गावाच्या कडेला ठमाई रंगारीण राहायची. हात कोपरापर्यंत तांबडे, जीभ फटकळ, पण पोरं दिवसभर तिच्याच अंगणात. गाड्या भरताना बघून ती पोरांना म्हणाली, "का रं, ह्यो नारू येतो कुठनं?"

गुरवाची म्हाळू म्हणाली, देवीच्या कोपाने. धनगराचा पोरगा म्हणाला, उन्हाने रक्त तापतं म्हणून. सुताराचा म्हणाला, लाकडात भुंगा शिरतो तसं काहीतरी बाहेरून शिरत असेल. ठमाई कुणाला हसली नाही. पोर घरात जे ऐकतं तेच बोलणार, हे तिला ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली, "घरी ऐकलेलं सांगितलंत. आता डोळ्यांनी बघून या. कुणाच्या घरी हाय आन् कुणाच्या न्हाई."

पोरं घरोघर फिरली. संध्याकाळी म्हाळू परत आली ती ठमाईच्याच पायांकडे बघत. "आजी, समद्यांच्या घरी हाय. तुझ्या घरी न्हाई."

ठमाईला स्वतःलाच नवल वाटलं. मग सगळ्यांनी मिळून तिचं घर पाहिलं. रंगाला डाग पडू नये म्हणून ती पाणी दुपदरी फडक्यातून गाळायची, आणि तेच पाणी प्यायच्या माठातही भरायची. फडकं उन्हात धरलं, तर त्यावर बारीक पांढुरके ठिपके वळवळत होते. दुखऱ्या पायांतून जंत पाण्यात उतरतो आणि पाण्यातून पुन्हा पोटात जातो, असं पोरांनी जुळवलं.

आता हे घरी सांगायचं कसं? ठमाई म्हणाली, ज्याच्या घरी जे चालतं त्या बोलीत सांगा. सुताराच्या पोराने सांगितलं, भुंगा पाण्यातून शिरतो, फडक्याने तो अडतो. धनगराच्या पोराने सांगितलं, गाळलेल्या पाण्याने रक्त थंड राहतं. म्हाळूचं काम सगळ्यांत अवघड. ती बापाजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "आबा, आपून पाय बुडवतो ते पाणी देवीला चालत असंल का?"

गुरव उठला आणि बारवेत पाय बुडवून बसलेली माणसं बघून आला. दुसऱ्या दिवशी त्याने चावडीवर सांगितलं, देवीच्या पाण्यात कुणी पाय घालायचा नाही आणि गाळल्याशिवाय ते प्यायचं नाही. एक उन्हाळा थांबा, मग गाड्या जुंपा. गुरवाचा शब्द गावाने मानला.

ठमाईने विकायला ठेवलेली लुगडी फाडून घरोघर फडकी वाटली. असं म्हणतात, की ती फाडत गेली तरी कापड संपेना. माझा काका म्हणायचा, संपलं असणार, मग तिने नेसूचं फाडलं असणार. असंही म्हणतात, की त्या दिवशी बारवेचं पाणी तांबडं झालं. ते मात्र खरं असेल, तिचा रंग जरा कच्चाच होता.

पुढचा उन्हाळा आला. एकाही घरात नारू निघाला नाही. निघाला तो फक्त ठमाईच्या पायाला.

गाव हादरलं. देवी हिच्यावरच कोपली, अशी कुजबुज सुरू झाली. पुन्हा गाड्यांकडे नजरा वळल्या. तेवढ्यात गुरवाची म्हाळू पुढे झाली आणि सगळ्यांदेखत तिने विचारलं, "आजी, तू कुठलं पाणी प्यालीस?"

ठमाईला आठवलं. गेल्या उन्हाळ्यात रंगाची मुळं आणायला ती लांबच्या गावी गेली होती आणि तहानेने तिथल्या बारवेवर ओंजळीनेच, न गाळता पाणी प्याली होती. त्या पाण्यातला नारू वर्षभराने निघाला होता. तिने ते सांगितलं आणि पोरीला जवळ ओढून रडली. म्हणाली, "देवी कोपली म्हनली न्हाईस गं. इचारलंस. ह्यापायी माझा पाय गेला तरी चालंल."

असं म्हणतात, की ती त्या दुखऱ्या पायावर बारवेभोवती नाचली. तिचा पाय पुढे कधीच सरळ झाला नाही. गाव मात्र जागेवर राहिलं.

आता बारवेला लोखंडी जाळी आहे आणि घरोघर नळ आहेत. तरी चैत्रात एक दिवस गावातली पोरं तिथे जमतात, जाळी उघडतात आणि पहिली घागर तांबड्या दुपदरी फडक्यातून गाळतात. त्या दिवशी पोराने काहीही विचारलं तरी मोठ्या माणसाने उत्तर द्यायचं नाही. "चल, बघू" म्हणायचं आणि उठून त्याच्याबरोबर जायचं. आणि एरवीही, चावडीवर कुणी छातीठोकपणे काही सांगू लागलं, की एखादं शेंबडं पोरसुद्धा विचारतं, कुठलं पाणी प्यालास? आमच्याकडे त्याचा राग धरत नाहीत.