बिळातून निघालेला पांढरा हात

"आता तरी म्हणाल ना बाई, की ही प्रजाती नवी आहे?"

खेजडीच्या झाडाच्या विरळ सावलीत मांडी घालून पाठारेबाई समोर वाळूत रोवलेल्या पांढऱ्या हाताकडे बघत होत्या.

हात प्लास्टरचा. मातीत बीळ खणून एकटी राहणाऱ्या एका वाळवंटी माशीच्या बिळात श्रीनाथनं सकाळी प्लास्टर कालवून ओतलं होतं आणि सुकल्यावर ते अलगद खणून काढून तिथेच उलटं रोवलं होतं. पेन्सिलीएवढी दांडी, टोकाला वाकडेतिकडे फाटे. आता बोटं वर करून, कुणीतरी खालून मदत मागावी तसं ते उभं होतं.

संशोधनपत्रिकेनं त्याला कळवलं होतं : अंगावरचे फरक नव्या जातीपुरते ठीक, पण जातींचा अख्खा गट, म्हणजे प्रजातीच, नवी म्हणायची तर घरट्याचा आकार दाखवा, आणि पाठारेबाईंचा होकार आणा. या माश्यांच्या बाबतीत बाईंच्या शब्दापुढे शब्द नव्हता.

तिकडे परदेशातली काही मंडळी याच माशीच्या मागे होती. या हंगामातलं हे शेवटचं बीळ. हा ठसा गेला तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर माशी त्यांची.

"सुरेख आलंय," बाई म्हणाल्या.

श्रीनाथ फुलला. "असे फाटे कुठल्याच प्रजातीत नाहीत, बाई. मी सगळी चित्रं पालथी घातलीत."

"आणि ती?"

"ती कोण?"

"जिच्या खोलीत हे ओतलंस ती."

"असेल बाहेर. फुलांवर गेली असेल."

"भर दुपारी? या उन्हात?"

"मुलगी बघायला जावं," बाई म्हणाल्या, "आणि मुलीला न बघता तिच्या खोलीची मापं घेऊन यावं... हुशार आहेस हो."

श्रीनाथ हसला, पण नीटसं जमलं नाही. वारा पडला होता. खेजडीचं पान हलत नव्हतं. एवढ्या मोठ्या वाळवंटात कुठेच काही वाजत नव्हतं, म्हणून त्याला ते ऐकू आलं.

बारीक गुणगुण. थांबत, पुन्हा सुरू होत.

त्यानं बाईंकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान त्या हाताकडे केली.

तो गुडघ्यांवर बसला. प्लास्टरला कान लावला. गार लागेल असं वाटलं होतं, कोमट होतं. आणि दातांच्या मुळापर्यंत जाणवेल अशी थरथर आतून येत होती.

"आत आहे," तो म्हणाला.

बाईंनी खणायच्या पिशवीतली छोटी हातोडी काढून त्याच्यापुढे ठेवली.

"फोडू म्हणता?"

"मी कुठे काय म्हणतेय? प्लास्टर तुझं, माशी तुझी."

"बाई, एक मादी आहे ती. एक. टाचणीला लावून ठेवलेल्या आहेतच की माझ्याकडे."

"त्या गुणगुणत नाहीत."

संध्याकाळपर्यंत थांबलं की आपोआप बंद होईल, असा एक विचार आला. तो आपल्याच मनात आलाय, हे कळायला श्रीनाथला जरा वेळ लागला. मग तो शरमला. बाईंनी पाहिलं का, म्हणून त्यानं चोरून बघितलं. बाई डोळे मिटून बसल्या होत्या.

गुणगुण चढत गेली.

"छे!" म्हणत त्यानं हातोडी उचलली आणि घातली.

पहिलं बोट तुटलं. आत काही नाही. दुसरं तुटलं. मग त्यानं हात आवरला नाही. मनगटापर्यंत सगळा चुरा केला, दोन्ही पंजांनी चाळला, तुकडा तुकडा उन्हात धरून पाहिला. पंख नाही, पाय नाही. माशी राहील एवढी पोकळीसुद्धा नाही.

"बाई... रिकामं आहे हो. निव्वळ प्लास्टर." त्याचा आवाज चिरकला. "वर्ष गेलं माझं!"

बाईंनी एका बोटाचं टोक उचलून त्याच्या तळव्यावर ठेवलं. टोक निमुळतं नव्हतं. सपाट होतं, आणि त्यावर ओली माती गच्च लिंपलेली. पलीकडून कुणीतरी घाईघाईनं दार बंद करून घ्यावं तशी.

"म्हणजे बीळ इथे संपत नाही..." श्रीनाथ म्हणाला.

"प्लास्टर संपतं."

आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की गुणगुण थांबलेली नाही.

ती खालून येत होती. त्याच्या तळपायांखालून.

तो उठून दोन पावलं मागे सरला. गुणगुण वाळूखालून सरकत आली आणि पुन्हा त्याच्या पायांखाली थांबली. तो डावीकडे झाला. तीही झाली. मग टाचेपासून अंगठ्यापर्यंत माप घेतल्यासारखी सावकाश फिरली, पुन्हा मागे आली, आणि एका जागी बराच वेळ रेंगाळली.

"बाई," तो कसाबसा पुटपुटला, "काय करतेय ही?"

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हलू नकोस. तिचं बघून होऊ दे."