चोच मावेल एवढी फट

त्या रानात प्रत्येक आई स्वतःच बांधलेल्या भिंतीआड राहत असे. धनेश पक्ष्यांची ती रीतच होती. अंडं घालण्याआधी मादी झाडाच्या ढोलीत शिरे, नराने आणलेल्या चिखलाने आतून दार लिंपून घेई आणि चोच मावेल एवढीच फट ठेवी. मग तिची उडायची पिसं गळून पडत. नवी येईपर्यंत नर आणील त्या फळांवर तिने जगायचं.

शेवरीनेही तेच केलं. तिचा जोडीदार भेरू दिवसभर उंबरं आणून देई. अंड्यातून पिल्लू बाहेर आलं, त्याच सुमारास माकडांनी बातमी उठवली, की रानात साप शिरलाय. साप कुणी पाहिला नव्हता. तरी शेवरीने त्या दिवशी फट थोडी लिंपली. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी.

"अगं, उंबर आत जात नाही," भेरू बाहेरून म्हणाला.

"चेचून दे."

"चेचलं की निम्मं सांडतं. पिल्लाचं पोट कसं भरायचं?"

"उपाशी का होईना, जिवंत तर राहील." जरा थांबून तिने विचारलं, "तू भेरूच आहेस ना?"

भेरूने उंबर चेचायला घेतलं.

पिल्लाचा आवाज बारीक होत गेला. एका सकाळी त्याने चोच उघडली, पण आवाजच फुटला नाही. शेवरीने फटीकडे पाहिलं. उजेडाची नुसती रेघ उरली होती. तिने आपल्याच भिंतीवर चोच मारली. चिखल दगडासारखा वाळला होता. भेरू बाहेरून टोचू लागला. भिंत पडायला दुपार झाली.

भेरूने पिल्लाला अख्खी उंबरं भरवली. हळूहळू त्याला कंठ फुटला. शेवरी फांदीवर आली. वर पाहिलं, खाली पाहिलं. साप नव्हता. अर्ध्या वाढलेल्या पिसांनी ती कशीबशी शेजारच्या उंबरावर गेली आणि किती दिवसांनी स्वतःच्या चोचीने फळ तोडून परत आली.

पिल्लू ढोलीच्या तोंडाशी उभं होतं. आत पडलेली माती उंबराच्या गरात कालवून ते आतून दाराच्या कडेला थापत होतं. शेवरी फांदीवर टेकली, तसं त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि चोच आणखी भराभर चालवायला सुरुवात केली.