सोनेरी ठिपका पुसला तेव्हा

एकदा एका मुलीला एक पतंग सापडला. आकाशात उडवतो तो नाही हां, दिव्यावर येऊन धडकतो तो. तांदळाच्या दाण्याएवढा, पण पंखावर असा सोनेरी ठिपका की बघतच राहावं.

मुलीचं नाव शाल्मली, कीटकांवर संशोधन करायची. ही जात आजवर कुणी नोंदवलेलीच नाही, अशी तिची खात्री. तिने तसा लेख पाठवला, तर तपासणाऱ्या तज्ज्ञांनी एका ओळीत उडवून लावला, ‘ठिपके कमी-जास्त असतातच. ही जुनीच जात.’ आता उत्तर द्यायची एकच संधी उरली होती. ती हुकली की तिचा पतंग जुन्याच नावाखाली गाडला जाणार.

नंतर गोळा केलेल्या तसल्याच पतंगांची पेटी घेऊन ती थेट गोगटे सरांकडे गेली. सरांचं अख्खं आयुष्य पतंगांत गेलेलं.

“सर, बघा ना. जुन्या जातीला असतो का असला ठिपका?”

सरांनी पेटीतला सगळ्यात देखणा पतंग निवडला. त्याचा उजवा पंख अलगद सुटा केला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि बारीक ब्रशने चक्क घासायला लागले. ठिपका गेला, सगळा रंगच गेला.

“अहो सर, काय करताय? पुरावा होता तो माझा.”

“ही पावडर आहे बाई. बोट लागलं तरी जाते. आता बघ.”

तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पंख काचेसारखा झालेला, आतल्या शिरा स्वच्छ. जुन्या जातीत मधली शीर टोकापर्यंत सरळ जाते. इथे तिला फाटा फुटलेला.

“रंगावर भांडलीस की समोरचाही रंगावरच भांडणार,” सर म्हणाले. “पंख उभा असतो तो शिरांवर. म्हणून उजवा उघडा करायचा, डावा रंगासकट ठेवायचा. रीत तुलाही माहीत आहे. पण ठिपक्यावर जीव जडला होता ना तुझा.”

“पण सर, फाटा या एकातच असला तर?”

“आता कशी मुद्द्याचं बोललीस. घे ब्रश.”

तिने दुसऱ्या पतंगाचा उजवा पंख घासला. फाटा. तिसरा, चौथा, अख्खी पेटी. प्रत्येकात फाटा. शेवटी तर ती घासता घासता हसतच सुटली.

उत्तरात तिने ठिपक्याचा उल्लेखही केला नाही. तज्ज्ञांचं पत्र आलं, ‘नवी जात. मान्य.’

आपणही भांडताना आपला सगळ्यात चमकदार मुद्दा पुढे करतो. एकदा तो स्वतःच पुसून बघावा. खाली जे उरतं, ते कुणालाच पुसता येत नाही.