आधी आग विझावी

“...पण पुन्हा पळेल का, तेवढं सांगा अक्का.”

जिनदत्त मगदूमने पंचा सोडला आणि आतलं इंजिन दगडी कट्ट्यावर ठेवलं.

हातभर लांबीचं इंजिन. रंग हिरवा. पण पोटाकडे तो रंग जळून फुगला होता. तांब्याचा बॉयलर काळानिळा पडला होता. सांध्यांतला डाख मेणासारखा वितळून खाली ओघळला होता आणि तिथेच थिजला होता.

रत्नाक्का चौगुलेंनी चष्मा नाकावर चढवला. पाहिलं. उतरवला.

“कुणाचं?”

“तुम्हाला माहीत आहे.”

“तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

“...दस्तगीरचं.”

कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला तम्माण्णा कुडचे आपल्या इंजिनाला तेल देत बसला होता. त्याचा हात थांबला. तम्माण्णा गप्प बसला की समजावं, प्रकरण मोठं आहे.

मिरजेबाहेरच्या अक्कांच्या चिकूच्या बागेत रूळ होते. गुडघाभर उंचीच्या विटांच्या बांधावरून झाडाझाडांना वळसे घालत जाणारे, वीतभर रुंदीचेही नाहीत असे. अक्कांनी ते स्वतः टाकलेले. कुणी शिकवलं, असं विचारलं तर म्हणायच्या, “कोण शिकवणार? उखडले, टाकले, परत उखडले.” शाळा चौथीपर्यंतची. पण बागेत यायचं तर कुणीही असो, पहिला महिना नुसती रुळांवरची पानं झाडायची. कुपवाडला ओतकामाचा कारखाना असलेल्या जिनदत्तानेही झाडली होती. तेव्हा त्याला राग आला होता. राग आलेला अक्कांना चालायचा. पान राहिलेलं चालायचं नाही.

इंजिनं खरी वाफेची. वातींवर स्पिरिट जळायचं, बॉयलरमधलं पाणी उकळायचं, त्या वाफेवर गाडी फिरायची. कुणी त्यांना खेळणी म्हटलं की त्याला चहा मिळत नसे.

तिथे नियम एकच होता. आपलं इंजिन आपण पेटवायचं नाही. सोबत्याने पेटवायचं. त्याने आधी पाणी बघायचं, मग स्पिरिट मोजून घालायचं, पाण्याच्या आधी संपेल इतकंच, आणि मग काडी लावायची. आपलं इंजिन पेटवताना माणूस पुढचा रूळ बघतो, दुसऱ्याचं पेटवताना पाणी बघतो, असं अक्का म्हणत. आग आधी विझावी. पाणी मागे उरावं. उलटं झालं की कोरडा बॉयलर जळतो.

जिनदत्ताचं इंजिन दस्तगीर मुल्ला पेटवायचा. दस्तगीरचं, जिनदत्त. एक कारखानदार, एक बाजारपेठेतला घड्याळजी. वर्षानुवर्षं असंच चाललेलं. दस्तगीरच्या गाडीला मागे एक उघडा डबा असायचा, त्यात बडीशेप. गाडी फिरत आली की ज्याने त्याने चिमूट उचलायची. ज्याची चिमूट चुकली त्याने पुढच्या फेरीपर्यंत शिव्या खायच्या.

दस्तगीर गेला त्याला आता चार महिने उलटून गेले होते.

“कसं जळलं?” अक्कांनी विचारलं.

“पाणी संपलं.”

“पाणी संपलं. बरं. आणि आग?”

जिनदत्त पंच्याची घडी घालू लागला.

“हाच नियम तू नव्या माणसांना ओरडून सांगायचास. त्या सांगलीच्या डॉक्टरला रडवलं होतंस. बोल की आता.”

“स्पिरिट परत घातलं मी.”

“किती वेळा?”

“...मोजलं नाही.”

तम्माण्णाने मान वर केली. जिनदत्त मगदूम मोजत नाही, हे त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

“तो गेल्यावर मेहरूनभाभींनी दुकानातल्या पोराकरवी माझ्याकडे पाठवलं होतं,” जिनदत्त म्हणाला. “पुसून, मऊ फडक्यात गुंडाळून. गुरुवारी इथे आलो. तुम्ही बसदीत दर्शनाला गेला होता. म्हटलं, एकदा चालवून बघू. त्याचं तर मीच पेटवायचो ना... नियम मोडला नाही मी, अक्का. पाणी बघितलं. मोजून घातलं. सुटली गाडी. तीच चाल. त्या वळणावर जरा कण्हते ना, तशी कण्हली. मग वाती बारीक व्हायला लागल्या.”

“मग?”

“थांबली असती.”

“थांबू द्यायची.”

“अक्का, ती थांबली असती तर...”

चिकूचं एक पान रुळावर पडलं. कुणी उचललं नाही.

“मला येतं हे नीट करायला,” जिनदत्त एकदम बोलू लागला. “नवा बॉयलर दोन दिवसांत करतो. याच्याहून चांगला, चांदीचा डाख देऊन. हाच हिरवा रंग मारतो. पण आज चार वाजता भाभी यायच्या आहेत. इद्दत संपली, घरात बसायचे दिवस झाले. पहिल्यांदा घराबाहेर पडायचं तर ते इंजिन पळताना बघायला जाते, म्हणाल्या. इतकी वर्षं त्यांनी ते एकदाही बघितलं नव्हतं. तुम्ही फोन करा. रूळ उखडलेत म्हणा. रविवारी या म्हणा. त्यांना काही कळणार नाही.”

“खोटं मी बोलायचं?”

“थोडंसं.”

“नवा बॉयलर तू करणार, रंग तू मारणार, आणि तोंड माझं काळं. कारखानदार शोभतोस खरा!”

तम्माण्णा फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला.

“मग निदान एवढं सांगा,” जिनदत्ताचा आवाज उतरला. “बॉयलर बदलला, तर इंजिन तेच राहतं ना?”

कट्ट्यावरचं जळकं इंजिन अक्कांनी जरा सावलीत सरकवलं, तापलेलं असल्यासारखं, फडक्याने धरून.

“दस्तगीर गेला तेव्हा तू कुठे होतास?”

“पुण्यात. ते इंजेक्शन इथे मिळत नव्हतं.”

“त्याच्या आधी?”

“मुंबईचे रिपोर्ट दाखवायला...”

“त्याच्या आधी?”

“अक्का, मी धावपळ करत होतो! त्याच्या घरात दुसरं कोण होतं धावणारं? ऑक्सिजनचं मशीन मी आणलं. कोल्हापूरचा डॉक्टर मी आणला.”

“आणलास. नाही कोण म्हणतंय? मेहरून मला म्हणाली होती. ‘हे आता औषधपाणी नको म्हणतायत, अक्का. दत्ताला बोलवा म्हणतायत, जरा बसू दे म्हणतायत जवळ.’ मी तुला निरोप दिला होता.”

“दिला होता.”

“मग?”

“मशीन आणायला गेलो.”

अक्कांनी पदराने चष्मा पुसला.

“मी प्रयत्न करत होतो, अक्का.”

“ओतत होतास.”

जिनदत्त उठला. फाटकाकडे चार पावलं गेला. तिथेच उभा राहिला, पाठ करून. पाठीला दुःख लपवता येत नाही. रुंद पाठीला तर नाहीच.

अक्का त्याला हाक मारायला गेल्या नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाल्या, “तुझं इंजिन कुठंय?”

“गाडीत.”

“कशाला आणलंस?”

“...सवयीनं.”

“घेऊन ये.”

“ते चार महिने पेटलेलं नाही. पेटवणारा कुठे आहे?”

“तम्मा आहे की.”

“मी?” तम्माण्णाने तेलाची कुपी खाली ठेवली. “माझ्या इंजिनाला हा गळका नळ म्हणतो. परवा तर म्हणाला, तुझ्या गाडीमागे बादली घेऊन फिर.”

“मग आज तू त्याच्यामागे फिर. ऊठ.”

जिनदत्ताने इंजिन आणलं. काळं, चकचकीत. एक खिळा वाकडा नाही. रुळांवर ठेवलं. तम्माण्णा वाकला, एक डोळा मिटून पाणी बघितलं. परत बघितलं. मग पितळी मापाने स्पिरिट मोजलं, इतक्या सावकाश, की जिनदत्त पूर्वीचा असता तर खेकसला असता. आज तो बघत राहिला. त्या बुटक्या, जाड बोटांकडे.

“लावू काडी?”

जिनदत्ताने मान हलवली.

वाती निळ्या पेटल्या. पाणी कुजबुजायला लागलं. अक्कांनी दस्तगीरच्या गाडीचा तो उघडा डबा आणला, इंजिनाच्या मागे अडकवला, आणि स्वयंपाकघरातल्या बरणीतून बडीशेप त्यात काठोकाठ भरली.

“हे नको अक्का.”

“गाडी रिकामी पाठवतात होय?”

वाफेची चावी फिरली. आधी इंजिन खोकलं, गरम पाण्याचे दोन-चार थेंब थुंकलं, आणि निघालं.

पहिल्या फेरीला अक्कांनी चिमूट उचलली. तम्माण्णाने उचलली. पलीकडे, वळणाच्या आत, शेवटच्या चिकूखाली एक घमेलं पालथं होतं. दस्तगीरची बसायची जागा. डबा त्याच्या समोरून गेला. बडीशेप तशीच पुढे आली.

दुसऱ्या फेरीलाही तशीच.

जिनदत्त इंजिनाच्या बाजूने चालत होता. त्याचे ओठ हलत होते. शिव्या देत असावा. ज्याची चिमूट चुकली त्याला द्यायच्या त्या.

कितीतरी फेऱ्या झाल्या. मग वाती पिवळ्या झाल्या. बारीक झाल्या. जिनदत्ताने चालता चालता हात मागे केला. स्पिरिटची बाटली कट्ट्यावर असायची.

बाटली अक्कांच्या मांडीवर होती. पदराखाली.

“द्या.”

“नाही.”

“थोडंसंच. एक फेरी, अक्का.”

“नाही.”

“अहो, पाणी आहे अजून! तम्मा, सांग की. पाणी आहे ना आत?”

“आहे,” तम्माण्णा म्हणाला.

“ऐकलंत? पाणी आहे! मग का थांबू द्यायचं?”

“ते उरायचंच असतं,” अक्का म्हणाल्या.

जिनदत्ताने त्यांच्या मांडीकडे हात नेला. थांबला. बाईच्या पदराला हात घालायची त्याची छाती नव्हती. आणि ही तर अक्का. तो वळला. गाडी पलीकडच्या वळणावर पोचली होती. चाल मंदावली होती. एक एक श्वास वेगळा ऐकू येत होता. पालथ्या घमेल्यासमोर चाकं अर्धा फेरा फिरली, कणभर मागे आली, आणि थांबली.

वाती गेल्या. धुराची एक बारीक रेघ वर गेली.

जिनदत्त जागचा हलला नाही. मग, पन्नाशी ओलांडलेला तो माणूस, कुपवाडच्या पाचशे कामगारांना दम देणारा, पोरासारखा रडला. तम्माण्णा दुसरीकडे बघत आपल्या इंजिनाला पुन्हा तेच तेल देत राहिला.

फाटक वाजलं.

मेहरूनभाभी आल्या होत्या. रिक्षातून उतरून एकट्याच. पांढरी ओढणी डोक्यावर. हातात डबा, त्यात काहीतरी गोड असणार. त्या घरातून रिकाम्या हाताने कुणी आलेलं बागेने पाहिलं नव्हतं.

“सलाम, अक्का.”

“ये ग.”

कट्ट्यापाशी येताच त्यांना ते दिसलं. हिरवं, काळं, ओघळलेलं. जिनदत्ताने पंचा उचलला होता, पण झाकायला वेळ झाला नव्हता. की झाकलंच नाही, कोण जाणे.

भाभींनी डबा खाली ठेवला. बॉयलरवर तळवा टेकवला.

“थंड आहे,” त्या म्हणाल्या. कुणालाच उद्देशून नाही.

“भाभी...” जिनदत्त म्हणाला. “माझ्याकडून जळलं.”

अक्का बघत होत्या.

“मी थांबू दिलं नाही त्याला. परत परत स्पिरिट घातलं. पाणी संपलं, तरी घातलं.” त्याने पंचा खाली ठेवला. “मी तुम्हाला खोटं सांगणार होतो. नवा बॉयलर बसवून देणार होतो.”

ओघळून थिजलेल्या डाखावरून भाभींनी बोट फिरवलं. घड्याळजीची बायको. कुठे काय सांधलेलं असतं, ते तिला कळत होतं.

“हे सारखे तुमचंच विचारायचे,” शेवटी त्या म्हणाल्या. “दत्ता आला का, दत्ता आला का. मी म्हणायचे, येतोय, वाटेवर आहे.” जरा थांबून म्हणाल्या, “मीपण खोटंच बोलत होते, दत्ताभाई.”

भाभींनी इंजिनावरचा हात काढला.

“हे पळताना बघायचं राहिलं,” त्या म्हणाल्या. “त्यांची जागा तरी दाखवा. कुठे बसायचे?”

जिनदत्ताने बोट दाखवलं. शेवटचा चिकू. पालथं घमेलं. त्याच्यासमोर थांबलेलं काळं इंजिन आणि मागे बडीशेपेचा डबा, जवळजवळ भरलेला.

भाभी तिकडे चालू लागल्या. जिनदत्त जागीच उभा.

“अक्का, मी काय करू आता? काय बोलू त्यांच्याशी? ते इंजिन तरी उचलून आणू का तिथून?”

अक्कांनी मांडीवरची बाटली काढली. बूच घट्ट लावलं.

“गरम आहे ते अजून,” त्या म्हणाल्या. “हात लावू नको. जवळ बस.”